फुलदाणीतली फुलं : एक चित्र कसं पाहावं

(मंडळाच्या व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचं शब्दांकन)



आपल्या मंडळात गाण्यावर भाषणं होतात, इतिहासावर होतात, मधुमेहावर तर दर वर्षी होतात. चित्रावर कधी झाल्याचं मला आठवत नाही. म्हणून यंदा चिटणीसांनी विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. विषय काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, फुलदाणीतल्या फुलांचं एक चित्र. ते जरा थांबले आणि म्हणाले, "बाई, एकाच चित्रावर पाऊण तास?" मी म्हटलं, आपण ग्वाल्हेरकर. एका बंदिशीवर तासभर बसायची सवय आपल्याला आहे. डोळ्यांनाही तेवढा वेळ देऊन बघू या.

फुलांचं चित्र मी मुद्दाम निवडलं. आपल्यातल्या बहुतेकांच्या बैठकीत फुलांचं एक तरी चित्र असतंच. कुणाकडे कॅलेंडरचं कापून फ्रेम केलेलं, कुणाकडे लग्नात आहेर आलेलं, कुणाकडे मुलीनं शाळेत असताना काढलेलं. ते सोफ्याच्या वर असतं, दिवाळीला त्याच्यावरची धूळ पुसली जाते, आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. फुलांचं चित्र म्हणजे शोभेची वस्तू, असं आपण मनाशी धरून चालतो. आज मला एवढंच सांगायचं आहे की ही शोभेची वस्तू नाही. फुलांचं चांगलं चित्र म्हणजे कुणीतरी कशाकडे तरी किती लक्ष देऊन पाहिलं याची नोंद असते. ही नोंद वाचता यायला लागली की आपल्याच घरातल्या काही गोष्टी वेगळ्या दिसायला लागतात. त्या कोणत्या, ते मी शेवटी सांगेन.

आधी आपल्याकडचीच फुलदाणी पाहू. आपल्याकडे कुठे होती फुलदाणी, असं तुम्ही म्हणाल. होती, आणि फार जुनी आहे. इथून सांचीला आपण सगळेच कधी ना कधी जाऊन आलो आहोत. तिथल्या दगडी कठड्यांवर आणि तोरणांवर एक घट कोरलेला दिसतो. त्याच्या तोंडातून कमळाचे देठ, कळ्या, उमललेली कमळं बाहेर आली आहेत. हा पूर्णघट. हे काम सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं. पुढे गुप्तकाळापासून देवळांच्या खांबांवर घट आणि त्यातून ओसंडणारी पानं आली. त्याला घटपल्लव म्हणतात. आणि आजही आपण पूजेला तांब्याचा कलश मांडतो, त्यात आंब्याचा टहाळा घालतो, वर नारळ ठेवतो, तेव्हा तोच घट मांडत असतो.

या घटातल्या फुलांचं एक वैशिष्ट्य आहे. ती कधी कोमेजत नाहीत. त्यांना सावली पडत नाही. सांचीचं कमळ सकाळचं आहे की संध्याकाळचं, हे सांगता येत नाही. शिल्पकाराला ते सांगायचंही नव्हतं. त्याला समृद्धी सांगायची होती, मांगल्य सांगायचं होतं. एक विशिष्ट कमळ, अमुक तळ्यातलं, अमुक दिवशी खुडलेलं, हा त्याचा विषयच नव्हता.

हीच गोष्ट आपल्या गावातही पाहता येते. किल्ल्याच्या पायथ्याशी गुजरी महालाच्या संग्रहालयात बाघच्या लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या नकला आहेत. बाघ तेव्हा ग्वाल्हेर संस्थानात होतं. 1921 साली दरबारनं चित्रकार पाठवून त्या चित्रांच्या नकला करवून घेतल्या. नंदलाल बोस, असितकुमार हलदार, सुरेंद्रनाथ कर ही बंगाली मंडळी त्यात होती, तशीच आपटे, भोसले, भांड, जगताप अशा आडनावांची आपली माणसंही होती. तिथली वळणं घेत जाणारी कमळवेल नीट पाहा. ती अप्रतिम आहे, पण ती किनार आहे. लुगड्याच्या काठासारखी. फूल आपल्या कलेत सगळीकडे आहे. देवाच्या हातात, नायिकेच्या केसांत, खांबावर, काठापदरावर. पण फूल एकटं, टेबलावर ठेवलेलं, आणि समोर बसलेला माणूस फक्त त्याच्याकडे बघतो आहे, हे आपल्याकडे फार कमी झालं. मोगल बादशहा जहांगीर काश्मीरला गेला तेव्हा त्याच्या उस्ताद मन्सूरनं तिथली फुलं एकेक करून रंगवली. असे अपवाद आहेत. तरी मुख्य वाट ती नव्हती.

ती वाट जिथं झाली तिथलं एक चित्र आता पडद्यावर आहे. स्मरणिकेच्या वाचकांसाठी मी ते शब्दांत सांगते.

चित्रकार फ्रेंच आहे, झाँ सिमेओं शार्दँ. जन्म 1699, मृत्यू 1779. म्हणजे आपल्याकडे पहिल्या बाजीरावाच्या जन्मापाशी सुरुवात करून महादजी शिंद्यांच्या काळापर्यंत त्याचं आयुष्य येतं. चित्र 1760 च्या आसपासचं, पानिपतच्या आगेमागेचं. ते आता स्कॉटलंडमध्ये एडिंबराच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. उंची जेमतेम दीड फूट. आपल्या बैठकीतल्या चित्राएवढंच.

चित्रात काय आहे? पांढऱ्या मातीची, निळ्या नक्षीची एक फुलदाणी. तिच्यात फुलांचा एक साधा गुच्छ. पांढरी, गुलाबी, थोडी लाल फुलं. मागे भिंत म्हणावी तर भिंत, नाही तर नुसता करडा, तपकिरीकडे झुकणारा काळोख. आणि खाली टेबलावर गळून पडलेली फुलं. संपलं. पडदा नाही, सोन्याची वाटी नाही, फुलपाखरू नाही.

ही फुलं कोणती, तर जाणकार सांगतात की कार्नेशन, स्वीट पी आणि निशिगंध. हो, आपलाच निशिगंध, ज्याला आपल्यातल्या काही घरांत गुलछडी म्हणतात. आणि आपला म्हणताना एक गंमत ध्यानात ठेवा. निशिगंध मूळचा मेक्सिकोचा. गणपतीच्या हारातला झेंडूही तिकडचाच. ही फुलं समुद्र ओलांडून एकीकडे पॅरिसच्या टेबलावर गेली आणि दुसरीकडे आपल्या देवघरात आली. आपणही तीन-चार पिढ्यांपूर्वी नर्मदा ओलांडून इकडे आलो आणि इकडचेच झालो. तेव्हा झेंडूला परका म्हणायचा अधिकार आपल्याला नाही.

आता चित्राकडे. पहिल्यांदा पाहिलं तर वाटतं, एवढंच? नीट पाहिलं तर तीन गोष्टी दिसतात.

पहिली गोष्ट प्रकाशाची. फुलदाणीची एक बाजू उजळ आहे, दुसरी सावलीत गेली आहे. म्हणजे खिडकी कोणत्या बाजूला आहे ते कळतं. सांचीच्या कमळाला वेळ नव्हती. या फुलांना आहे. दिवसाचा एक प्रहर त्यांच्यावर पडला आहे. आपण गाणारी-ऐकणारी माणसं. रागाला वेळ असते हे आपल्याला कुणी समजावायला लागत नाही. या चित्रालाही वेळ आहे.

दुसरी गोष्ट रंग लावण्याची. जवळ गेलं तर पाकळ्या दिसतच नाहीत. पांढऱ्या रंगाचे जाड ठिपके दिसतात, एकमेकांत थोडे मिसळलेले. चार पावलं मागे आलं की त्यांचा निशिगंध होतो. शार्दँच्या काळातला फ्रेंच लेखक दिदरो याने त्याच्या चित्रांबद्दल नेमकं हेच लिहून ठेवलं आहे. जवळ जावं तर सगळं विरून जातं आणि लांब गेलं की पुन्हा जमून येतं. शार्दँनं पाकळ्या मोजल्या नाहीत. खोलीत शिरणाऱ्या माणसाला फुलं जशी दिसतात, तशी त्यानं ती ठेवली.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. ती खाली पडलेली फुलं. शोभेचं चित्र काढणारा माणूस ती आधी उचलून टाकील. आपणही पाहुणे यायच्या आधी टेबल पुसून घेतोच. शार्दँनं ती राहू दिली. त्या दोन-तीन फुलांमुळे वरच्या गुच्छाला काळ मिळाला. ही फुलं कालही होती, उद्या यातली आणखी काही पडणार आहेत, आणि आत्ता, या क्षणी, ती अशी आहेत. गळलेली फुलं काढून टाका, चित्र मिठाईच्या डब्यावरचं होईल.

या प्रकारच्या चित्राला युरोपातल्या भाषांत दोन अगदी उलट नावं आहेत. फ्रेंचमध्ये त्याला 'नात्यूर मोर्त' म्हणतात, म्हणजे मृत निसर्ग. डचमध्ये 'स्टिललेव्हन', म्हणजे निश्चल जीवन. इंग्रजीतलं स्टिल लाइफ त्यावरूनच आलं. आपण मराठीत स्थिरचित्र म्हणतो आणि जगणं-मरणं दोन्ही बाजूला ठेवतो. पण फुलांच्या बाबतीत फ्रेंच आणि डच दोघंही खरे आहेत. देठापासून तुटलेलं फूल मेलेलं आहे आणि पाण्यात उभं राहून ते उमलतंही आहे. फुलदाणीत ठेवलेलं फूल या दोन्हींच्या मधे असतं. चित्रकाराला तोच मधला काळ हवा असतो.

शार्दँच्या काळी या चित्रांना काही मान होता, असंही समजू नका. पॅरिसच्या कला-अकादमीत 1667 सालीच उतरंड ठरली होती. सगळ्यांत वर इतिहास-पुराणातले प्रसंग रंगवणारा. मग व्यक्तिचित्रं, मग प्राणी, मग निसर्गदृश्यं. फळं आणि फुलं रंगवणारा सगळ्यांत खाली. शार्दँ सुताराचा मुलगा. 1728 साली त्याला अकादमीत घेतलं ते प्राणी आणि फळं रंगवणारा म्हणून, म्हणजे शेवटच्या पंगतीत. तो त्याच पंगतीत बसून राहिला. तांब्याची भांडी, कांदे, अंडी, पाण्याचा पेला, हे रंगवत राहिला. फुलांचं तर त्याचं हे एकच चित्र आज शिल्लक आहे. आणि ज्यांनी मोठमोठ्या लढाया रंगवल्या त्यांतल्या कितीजणांची नावं आज कुणाला ठाऊकही नाहीत.

त्या उतरंडीचा आणखी एक परिणाम झाला. फुलं खालच्या पायरीवर होती म्हणून बायकांना ती रंगवू दिली गेली. माणसाचं शरीर समोर बसवून अभ्यास करायची मुभा त्यांना नव्हती, आणि त्याशिवाय इतिहासचित्र काढता येत नाही. म्हणून, बाई, तू आपली फुलं काढ. अ‍ॅमस्टरडॅममध्ये राखेल रॉइश नावाची चित्रकार होऊन गेली, जन्म 1664. वडील शरीरशास्त्राचे आणि वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. त्यांच्या संग्रहातली पानं, किडे, फुलं बघत ती चित्र शिकली. दहा मुलांची आई झाली आणि रंगवत राहिली. 1747 साली केलेल्या एका चित्रावर तिनं सहीबरोबर स्वतःचं वयही घातलं आहे, 83. तिच्या चित्रांत भिन्न ऋतूंची फुलं एकाच फुलदाणीत दिसतात. म्हणजे आपल्याकडे चैत्रातला मोगरा आणि मार्गशीर्षातली शेवंती एकत्र ठेवावी तसं. असा गुच्छ प्रत्यक्षात कुणाच्या घरी कधी नव्हता. तो वर्षभर पाहून, लक्षात ठेवून, थोडा थोडा जमवलेला आहे. त्या एका चित्रात अख्खं वर्ष आहे.

आता सगळ्यांच्या ओळखीचा माणूस, व्हॅन गॉग. त्याची सूर्यफुलं मोबाइलच्या कव्हरवरसुद्धा आली आहेत, म्हणून मी थोडक्यात सांगते. 1888 च्या ऑगस्टमध्ये, दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल गावी, त्यानं एका आठवड्यात सूर्यफुलांची चार चित्रं केली. त्याचा मित्र, चित्रकार गोगँ राहायला येणार होता. त्याच्या खोलीत लावायला ही चित्रं हवी होती. म्हणजे पाहुण्यांच्या खोलीची सजावट! फुलं लवकर सुकतात म्हणून तो सूर्य उगवल्यापासून कामाला बसत होता, असं त्यानंच भावाला कळवलं आहे. लंडनच्या चित्रात पंधरा फुलं आहेत. काही ऐन भरात आहेत आणि काहींच्या पाकळ्या झडून नुसता बियांचा गड्डा उरला आहे. पिवळ्या भिंतीपुढे पिवळी फुलं, पिवळ्या टेबलावर पिवळी फुलदाणी. जानेवारीत भिंड-मुरैनाच्या रस्त्यानं सरसोंच्या शेतांतून गेलेल्या माणसाला एका पिवळ्यात किती पिवळे असतात हे सांगायला नको.

पण मला व्हॅन गॉगची आठवण एका वेगळ्या कारणासाठी करायची आहे. त्यानं वापरलेला क्रोम यलो हा रंग उजेडानं हळूहळू काळवंडतो. हे का होतं त्याचं रसायनशास्त्र 2011 साली शास्त्रज्ञांनी उलगडून दाखवलं. म्हणजे ज्या चित्रानं फुलं टिकवली असं आपण म्हणतो, ते चित्रही कोमेजतं आहे. फक्त त्याचा वेग वेगळा. फूल चार दिवसांत, चित्र चारशे वर्षांत.

मग चित्रानं टिकवलं काय? मला वाटतं, फूल टिकवण्याचा चित्रकाराचा हेतूच नसतो. फूल टिकवायचं असेल तर प्लास्टिकचं आणावं. बाजारात हुबेहूब मिळतं, धुताही येतं. चित्रात टिकतं ते फुलाकडे पाहणं. दोनशे साठ वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये एका सुताराच्या मुलानं गळलेल्या फुलाकडे दुर्लक्ष केलं नाही, ते त्याचं लक्ष आज बिर्लानगरच्या या हॉलपर्यंत येऊन पोचलं आहे.

कुणी म्हणेल, आपल्या परंपरेला टिकवण्याची हौस नाहीच. आपण दहा दिवसांनी बाप्पाचं विसर्जन करतो. कालची फुलं निर्माल्य होतात. मग आपल्याला स्थिरचित्राशी काय करायचं? मला तर यात विरोध दिसत नाही. दहाच दिवस आहेत म्हणून आपण मूर्तीकडे डोळे भरून बघतो. बारा महिने घरात असती तर बैठकीतल्या चित्रासारखीच गत झाली असती. जाणार आहे म्हणून नीट पाहणं, हे विसर्जनही शिकवतं आणि शार्दँची ती गळलेली फुलंही तेच शिकवतात.

आता आपल्या माणसांकडे येते. आम्ही ग्वाल्हेरचे मराठी लोक आमच्या गाण्याचा अभिमान सांगतो, आणि तो रास्त आहे. 1918 साली भातखंड्यांनी माधवराव महाराजांच्या आश्रयानं इथं संगीत विद्यालय काढलं, ते आजही आहे. आपल्या वडीलधाऱ्यांचे कान तिथल्या गाण्यानं तयार झाले. पण इथून जवळच, इंदूरला, मराठी माणसांनी डोळे तयार करण्याचं जे काम केलं ते आपल्याला तितकंसं माहीत नसतं. दत्तात्रय दामोदर देवळालीकर हे तिथल्या चित्रशाळेचे गुरू. त्यांच्या हाताखाली नारायण श्रीधर बेंद्रे शिकले, विष्णू चिंचाळकर शिकले, देवकृष्ण जोशी शिकले, आणि पंढरपूरला जन्मलेले मकबूल फिदा हुसेनही शिकले. एका मास्तरांच्या वर्गातून एवढी माणसं बाहेर पडावीत, याला घराणंच म्हणायला हवं.

यांतले बेंद्रे 1910 साली इंदूरला जन्मले. पुढे मुंबई, काश्मीर, शांतिनिकेतन, अमेरिका-युरोप असा प्रवास करून 1950 साली बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात चित्रकला विभागाचे प्रमुख झाले. तिथं त्यांनी घडवलेले विद्यार्थी आज भारतीय चित्रकलेतली मोठी नावं आहेत. बडोद्याच्या त्या दिवसांत त्यांनी क्यूबिझमचा अभ्यास केला. वस्तू एका जागेवरून जशी दिसते तशी न दाखवता, तिच्या निरनिराळ्या बाजू सपाट तुकड्यांत मांडून एकत्र दाखवायच्या, अशी ती पद्धत. 1955 साली त्यांच्या 'द थॉर्न' या चित्राला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आणि त्याच प्रयोगांच्या काळातलं त्यांचं एक गाजलेलं चित्र आहे, 'सनफ्लॉवर्स'. सूर्यफुलंच!

जरा विचार करा. माळव्यात वाढलेल्या मराठी चित्रकारानं सूर्यफूल हा विषय घेतला तेव्हा त्याला व्हॅन गॉग ठाऊक होता. जगातलं सगळ्यांत प्रसिद्ध सूर्यफूल आधीच काढून झालेलं होतं. तरी त्यानं घेतलं. हे धाडस आपल्याला समजायला सोपं आहे, कारण गाण्यात ते रोज घडतं. एकच बंदिश शंभर जणांनी गायलेली असते आणि एकशे एकावा तरीही तीच घेऊन बसतो. आपण म्हणत नाही, की हे तर ऐकलेलं आहे. आपण म्हणतो, बघू या हा काय करतो. शब्द तेच, राग तोच, आणि तो वेगळा कुठे होतो तिथं आपण दाद देतो. फुलदाणीतली फुलं ही चित्रकारांची बंदिश आहे. विषय मुद्दाम साधा घेतलेला, म्हणजे बघणाऱ्याचं लक्ष गोष्टीत अडकू नये, गायकीकडे जावं.

म्हणून फुलांचं चित्र कसं पाहावं, याची माझी रीत मी तुम्हाला गाण्याच्या भाषेत सांगते. आधी षड्ज शोधा, म्हणजे चित्रातला मुख्य रंग कोणता आणि बाकीचे त्याच्याशी कसे बोलतात ते पाहा. मग उजेड कुठून येतो ते पाहा. मग मोकळी जागा पाहा. फुलांमागची रिकामी भिंत ही गाण्यातल्या विसाव्यासारखी असते, ती भरून काढली की चित्र गुदमरतं. मग एक फूल असं शोधा जे बाकीच्यांसारखं नाही. वाकलेलं, अर्धवट उमललेलं, पाठमोरं. चांगल्या चित्रात ते बहुधा असतं. आणि शेवटी विचारा, या माणसानं हे फूल खरंच पाहिलं होतं, की फुलं कशी असतात हे आधीच ठाऊक आहे असं समजून काढून टाकलं?

हा शेवटचा प्रश्न मी वर्गात मुलांना विचारत असे. मुलांना फूल काढा म्हटलं की मधे एक गोल आणि भोवती पाच पाकळ्या. मग मी जास्वंदीची एक फांदी ग्लासात घालून समोर ठेवायची. महाराष्ट्रातल्या जुन्या चित्रकला परीक्षांतही अशी एक फांदी समोर ठेवून काढायला सांगत. मुलं बघायला लागली की गडबड सुरू. "बाई, याची एक पाकळी मागे गेलीय." "बाई, दांडी मधून बाहेर आलीय." "बाई, हे मिटायला लागलं." तास संपेपर्यंत जास्वंद थोडी बदललेली असायची. चित्रकलेचा खरा धडा तोच असे. समोरचं फूल थांबत नाही, आपल्यालाच थांबावं लागतं.

आता मी सुरुवातीला म्हटलं होतं त्या घरातल्या गोष्टींबद्दल.

आपली ही वस्ती गिरणीभोवती वसली. 1921 साली जे. सी. मिल सुरू झाली, लाइनी बांधल्या गेल्या. पुरुष पाळीला जायचे. बायका घरातलं उरकून दुपारी काय करायच्या? भरतकाम, विणकाम, कापडावर रंगकाम, रांगोळी. विषय काय? बहुतेक वेळा फुलं. उशांचे अभ्रे, टीव्हीवरचं झाकण, पडदे, आणि काचेच्या फ्रेममधले गुच्छ. राखेल रॉइशला जे सांगितलं गेलं तेच न सांगता यांनाही सांगितलं गेलं होतं, की बाई, तू आपली फुलं काढ.

माझ्या सासूबाईंनी मॅटीच्या कापडावर भरलेला शेवंतीचा एक गुच्छ आमच्याकडे आहे. पुस्तकातला नमुना नाही तो. अंगणात डालड्याच्या डब्यात लावलेली शेवंती बघून त्यांनी स्वतः आखला होता. त्यात एक फूल मान टाकलेलं आहे, आणि त्याच्या खालच्या पाकळ्यांना त्यांनी पिवळ्याऐवजी मातकट दोरा वापरला आहे. हे माझ्या लक्षात यायला कितीतरी वर्षं गेली. त्यांना शार्दँ माहीत नव्हता. पण सुकणारं फूल त्यांनी पाहिलं, आणि ते लपवलं नाही. त्या फ्रेमवर नाव नाही, साल नाही. माझ्यानंतर ती कुणाची होती हे सांगणारं कुणी राहणार नाही.

हे फक्त आमच्या घरचं नाही. गिरणी बंद पडली. आपल्यातल्या कितीतरी जणांची मुलं आता पुण्याला, बंगळुरूला, त्याही पलीकडे आहेत. घरं विकली जातात, सामान निघतं. भांडी वाटली जातात, दागिने वाटले जातात, आणि फुलांची फ्रेम कबाडीवाल्याकडे जाते, कारण ती शोभेची वस्तू, आणि आता तशी शोभा कुणाला नको आहे. आपण ज्याला जुना कशिदा म्हणून टाकून देतो ते एका बाईनं वर्षानुवर्षं केलेलं पाहणं असतं. आपल्या आजीची बंदिश कुणी टाकून दिली तर आपण हळहळू. तिचा गुच्छ टाकताना आपल्याला काही वाटत नाही, कारण तो पाहायला आपण शिकलो नाही.

म्हणून मंडळाला माझी एक विनंती आहे. पुढच्या गणेशोत्सवात रांगोळी स्पर्धेच्या बरोबरीनं एक लहानसं प्रदर्शन भरवू या. विषय एकच, फुलं. प्रत्येक घरानं आपल्याकडचं एक काम आणावं. भरतकाम असो, जलरंग असो, अभ्रा असो, शाळेतला कागद असो. बक्षीस नको, क्रमांक नको. फक्त प्रत्येक कामाखाली तीन ओळींची चिठ्ठी हवी. करणाऱ्याचं नाव, अंदाजे साल, आणि फूल कोणतं ते. जी हयात आहेत त्यांनी स्वतः सही करावी. राखेल रॉइशसारखं वयही घालावं, लाजू नये.

आणि तोपर्यंत, या दहा दिवसांत, एक छोटा अभ्यास. आरतीच्या आधी बाप्पापुढे वाहिलेल्या जास्वंदीकडे सकाळी दोन मिनिटं बघा. संध्याकाळी तीच पुन्हा बघा. नातवंडं घरी आली असतील तर त्यांना शेजारी बसवा, मोबाइलवर फोटो काढू देऊ नका, आणि विचारा, सकाळपेक्षा काय बदललं? ती सांगतील. मुलांना दिसतं. मग बैठकीतल्या त्या चित्रापुढे जाऊन त्यांना हाच प्रश्न विचारा, याच्यात कोणती वेळ आहे?



गणपती बाप्पा मोरया!